पेपरात नसलेली ओळ

"एक ओळ राहिली आहे तुझी," आल्हाट सर म्हणाले आणि त्यांनी माझी उत्तरपत्रिका टेबलावर माझ्याकडे फिरवली. समासात लाल रेघ, रेघेशेजारी 'वाक्य गाळले' आणि खाली वजा चार.

"राहिलेली नाही, सर. पेपरात ती ओळच नव्हती."

"असं कसं होईल? बाकीच्या चौघांनी लिहिली आहे."

"त्यांनी वहीतून लिहिली."

"परीक्षेला वही?"

"डोक्यातल्या वहीतून, सर."

त्यांनी उत्तरपत्रिका मिटली आणि तिच्यावर दोन्ही हात ठेवले. मी बॅगेतून प्रश्नपत्रिका काढून त्यांच्यासमोर धरली. "तुम्हीच बघा. तिसऱ्या प्रश्नातला उतारा. नववी ओळ संपते आणि तिच्यापुढे जी यायला हवी ती नाहीच. मी खाली टीपही लिहिली आहे. वाचली का तुम्ही?"

टीप अशी होती: 'पुस्तकात इथे आणखी एक ओळ आहे. पेपरात ती छापलेली नाही. जे छापलं आहे त्याचंच भाषांतर केलं आहे.' त्या टिपेवर लाल शाईचा ठिपकासुद्धा नव्हता.

सरांनी प्रश्नपत्रिकेवरून नजर फिरवली. भिंतीवरून हात फिरवावा तशी, कुठेही न थांबता. "पेपर मीच काढला आहे. ओळ असणार. घाईत तुला दिसली नसेल."

"दिसली नाही म्हणूनच लिहिली नाही."

"मी तेच म्हणतोय."

"सर, दोन मार्कांनी माझी अथेन्सची जागा जाते आहे."

"माहीत आहे मला."

"मग एकदा नीट बघा ना."

सरांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसला. "अर्ज करायचा तर कर, स्वरूपा. पण अर्ज केलास की पाचही पेपर बाहेर निघतील. विद्यापीठ आधीच विचारतंय, पाच पोरांसाठी ग्रीक कशाला हवं. त्यांना निमित्तच पाहिजे आहे. विभाग बंद पडला तर तो कुणामुळे पडला, ते लोक विसरणार नाहीत."

दार आपटायचं नाही असं ठरवून मी उठले होते. आपटलं.

याला आता अकरा वर्षं झाली. पुण्यात कॅम्पच्या बाजूला एक जुनं मिशनचं कॉलेज होतं, तिथे बी.ए.ला ग्रीक आणि लॅटिन घेता यायचं. आम्ही तिसऱ्या वर्षाला पाचजण होतो. एका पारशी बाईंनी नवऱ्याच्या नावाने निधी ठेवला होता. त्यातून दरवर्षी एकाला उन्हाळ्यात सहा आठवडे अथेन्सला पाठवायचे, तिथल्या शाळेत शिकायला, दगडांवरचे लेख वाचायला. डिसेंबरच्या परीक्षेत जो पहिला येईल तो जायचा. त्या वर्षी रेबेका कसबेला एकाहत्तर मार्क पडले आणि मला एकोणसत्तर. रेबेका माझी खोलीतली मैत्रीण.

वहीचं सांगायला हवं. आल्हाट सरांचे गुरू फादर मेनेझिस यांनी चाळीस वर्षांपूर्वी अभ्यासक्रमातल्या प्रत्येक उताऱ्याचं मराठी भाषांतर एका जाड वहीत लिहून ठेवलं होतं. सुंदर मराठी होतं, खोटं कशाला बोलू. फादर गेले, वही सरांकडे आली, आणि सर ती वर्गात सांगू लागले. आम्ही उतरवून घ्यायचं. हळूहळू उतरवून घ्यायचीही गरज उरली नाही, कारण वरच्या वर्गातली मुलं जाताना आपली प्रत खालच्यांना देऊन जायची. मग ती पाठ करायची. परीक्षेत ग्रीक उताऱ्याचा पहिला शब्द ओळखला की काम झालं, पुढचं मराठी पाण्यासारखं वाहायचं. या पद्धतीने कित्येकजण पहिल्या वर्गात पास झाले होते आणि त्यात आपण काही लबाडी करतो आहोत असं कुणाच्या मनातही नव्हतं. ग्रीक असंच शिकतात, असंच सगळे समजत होते.

मी वही घेतली नाही. जयसिंगपुरात माझे पप्पा दुकानांच्या पाट्या रंगवायचे. ग्रीक घेतलं असं मी फोनवर सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "अक्षरं कशी आहेत ती पाठव." पहिल्या सुट्टीत घरी गेले तर त्यांनी पत्र्याच्या एका तुकड्यावर चोवीसच्या चोवीस अक्षरं निळ्या रंगात काढून ठेवली होती. प्रत्येकाला त्यांनी आपलं नाव दिलं होतं. एक त्रिशूळ होता, एक मधे रेघ मारलेली भाकरी, एक म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन हंड्या. त्या पत्र्यासमोर बसून मी अक्षरं गिरवली. त्यानंतर कोश घेऊन एकेक शब्द लावत वाचायची सवय लागली. एका पानाला चार दिवस लागायचे. अडले की सरांना विचारायची. सर म्हणायचे, "वहीत असेल तसं घे." तीन वर्षांत किती वेळा म्हणाले असतील.

पेपरातला उतारा एका खटल्यातल्या भाषणाचा होता. कुंभार मेला, त्याच्या भावाने भट्टीला कुलूप लावलं. विधवेला कोर्टात बोलायची परवानगी नाही, म्हणून शेजारी तिच्या वतीने बोलतो आहे. 'त्याने कुलूप लावलं ती ही भट्टी,' असं तो सांगतो. मग पुढची ओळ: 'ती आम्हा सर्वांसमोर म्हणाली, तो खोटं बोलतो, माती मी मळली आहे, माझीही आहे ही भट्टी.' सबंध भाषणात ती बाई स्वतः बोलते ती एवढीच एक ओळ. आणि नेमकी तीच पेपरात नव्हती.

का नव्हती ते मला परीक्षेतच कळलं होतं. ऑफिसातले शेलार पेपर टाइप करायचे. त्यांना ग्रीक येत नव्हतं, ते पुस्तकातल्या अक्षराचा आकार बघून कीबोर्डच्या तक्त्यावर तसा आकार शोधायचे आणि दाबायचे. दोन्ही ओळी 'भट्टी' याच शब्दाने संपत होत्या. त्यांनी वरची 'भट्टी' टाइप केली, मान वर करून परत पुस्तकात पाहिलं आणि नजर खालच्या 'भट्टी'वर पडली. मधली ओळ गेली. जुन्या पोथ्या उतरवणारे लोकही अशीच चूक करायचे, हे फादरांच्या वहीतच पहिल्या पानावर लिहिलेलं होतं. शेलारांवर माझा राग नव्हता. त्यांनी निदान प्रत्येक अक्षराकडे बघितलं होतं.

मी खोलीवर गेले तेव्हा रेबेका पलंगावर पालथी पडून पासपोर्टचा फॉर्म भरत होती.

"आईच्या गावाचं नाव विचारायलेत," ती म्हणाली. "मला काय माहीत बाई, आईलाच नीट माहीत नाही."

"रेबेका, तिसऱ्या प्रश्नातली ती ओळ. 'तो खोटं बोलतो' ती. तू लिहिलीस?"

"लिहिली की."

"पेपरात होती?"

"नव्हती का?"

मी पेपर तिच्या फॉर्मवर ठेवला. ती बोट फिरवत, ओठ हलवत खाली आली. बोट नवव्या ओळीशी आलं, दहावीवर गेलं, परत मागे आलं.

"अगं बाई. नाहीच की."

"परीक्षेत तुला दिसलं नाही?"

"बघतंय कोण? पहिला शब्द दिसला की पुढचं आपसूक येतं. प्रभूची प्रार्थना म्हणताना कुणी पुस्तकात बघतं का?"

"म्हणजे तू वाचलंच नाहीस."

"नाही. आणि तू वाचलंस, मग तुला कळलं की ओळ नाही. म्हणजे ती तुला येत होती." ती उठून बसली. "येत होती तर लिहायची होतीस ना शहाणे. चार मार्क पडले असते, ही कटकटच नव्हती."

"छापलेली नव्हती तर का लिहू?"

"कारण पेपर मार्कांसाठी असतो, पूजेसाठी नसतो."

मला तिचा गळा धरावासा वाटला. ती तशी हसत होती, थट्टेनेच बोलत होती, पण थट्टा करणाऱ्याचा फॉर्म भरून होत आला होता. रेबेकाचे वडील जालन्याकडे एका चर्चचे पाळक होते. त्यांच्या मंडळीत बाईने उपदेश करायचा नाही अशी रीत होती, आणि रेबेका ग्रीक शिकत होती ती त्यासाठीच. मूळ शुभवर्तमान ग्रीकात आहे, ते स्वतः वाचून मी पुढे उभी राहीन, मग कोण बोलतंय बघू, असं ती पहिल्या वर्षापासून सांगायची. मला हे ठाऊक होतं, म्हणून मी तिथेच मारलं.

"पुढे उभी राहून मूळ ग्रीकात काय आहे ते सांगणार होतीस ना? कशावरून सांगशील? फादरांच्या वहीवरून?"

फॉर्मचं टोक दुमडलं होतं ते तिने नखाने सरळ केलं.

"पप्पांनी रविवारी मंडळीत सांगितलंय," ती म्हणाली. "माझी पोरगी अथेन्सला चाललीय म्हणून. जे लोक आमच्याकडे चहा पीत नाहीत त्यांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या."

"मग मी काय करू?"

"अर्ज कर. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. पण ते मी हसत सांगावं अशी अपेक्षा ठेवू नको."

त्या दिवसानंतर आम्ही एकाच खोलीत पाच दिवस न बोलता राहिलो. दोघींच्या मधे तिचा फॉर्म टेबलावर पडलेला. तो पूर्ण भरलेला होता, फक्त खाली सही नव्हती.

माझी लेक दुपारी पाऊण तास झोपते. आजचा पाऊण तास मला इथवर घेऊन आला. ती अजून उठलेली नाही, म्हणून पुढे लिहिते.

अर्जाची सुनावणी उपप्राचार्य तळवलकर मॅडमच्या खोलीत झाली. त्या रसायनशास्त्राच्या. समितीत आणखी दोघं होते, पण दोघंही आले नाहीत. मॅडमनी त्याबद्दल कुणाची माफी मागितली नाही. "बरं झालं, लवकर संपेल," म्हणाल्या. टेबलाच्या एका बाजूला सर, दुसऱ्या बाजूला मी आणि रेबेका.

"प्रश्न साधा आहे," मॅडम म्हणाल्या. "ही म्हणते पेपरात एक ओळ नाही. ओळ नसेल तर न लिहिल्याबद्दल मार्क कापता येणार नाहीत. ओळ असेल तर हिने माझा वेळ घेतला. सर, ओळ आहे का?"

सरांनी पेपर उचलला. डोळ्यांजवळ नेला, थोडा लांब धरला. आम्ही सगळे वाट बघत होतो. वरच्या पंख्याचं एक पातं किरकिरत होतं.

"आहे," सर म्हणाले.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. ते माझ्याकडे बघत नव्हते.

"रेबेका," मॅडम म्हणाल्या, "तू पहिली आलीस ना? तू बघ."

रेबेकाने पेपर घेतला. बोट ठेवून वाचलं, सावकाश, अगदी पहिल्या अक्षरापासून. तिला वेळ लागला. तिच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता.

"नाही मॅडम. ओळ नाही."

"नीट बघ, रेबेका," सर म्हणाले.

"बघितलं, सर. खरंच नाही."

"मग तू ती लिहिलीस कशी?" मॅडमनी विचारलं.

"पाठ होती."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "आता झाली का पंचाईत. एक प्राध्यापक म्हणतात आहे, एक विद्यार्थिनी म्हणते नाही. मला यातलं ओ की ठो कळत नाही. मी कुणाचं ऐकू? सरांचं ऐकायचं, दुसरं काय."

"मॅडम, तुम्हाला ग्रीक यायची गरज नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता आणि तो मी खाली आणला नाही. "हे पुस्तक. हा उतारा. यात त्रिशूळासारखं अक्षर किती वेळा आहे ते मोजा. मग पेपरात मोजा. 'तो खोटं बोलतो' हा ग्रीकात एकच शब्द आहे आणि तो त्याच अक्षराने सुरू होतो. पुस्तकात तीन त्रिशूळ आहेत."

मॅडमनी चष्मा वर सरकवला. "त्रिशूळ काय म्हणतेस, हे तर साय आहे, क्वांटमच्या समीकरणातलं. एम.एस्सी.ला दोन वर्षं याने माझं डोकं खाल्लंय." त्यांनी पेन्सिल घेतली आणि पुस्तकात खुणा केल्या. एक, दोन, तीन. मग पेपरात. एक. दोन. त्या परत वर गेल्या, परत खाली आल्या. तिसऱ्यांदा त्यांनी प्रत्येक ओळीखाली पट्टी ठेवून मोजलं. प्रयोगशाळेत मोजमाप घेताना त्या असंच करत असतील.

"दोनच आहेत," त्या म्हणाल्या. "सर?"

मॅडमनी पेपर सरांकडे फिरवला.

"सर, तुम्ही आत्ता 'आहे' म्हणालात."

"मला ती सापडत नव्हती," सर म्हणाले. "आणि ती नाही, हेही मला सांगता येत नव्हतं."

"म्हणजे?"

"म्हणजे मला आता वाचता येत नाही, मॅडम. अक्षरं लागतात, एकेक करून. शब्द लागत नाहीत. फादर होते तोवर रोज त्यांच्याबरोबर बसायचो. ते गेल्यावर वही पुरत होती. सकाळी दोन तास वही, आणि मग प्रवेश समिती, वसतिगृह, मूल्यांकनाच्या फायली. पुस्तक उघडायचं राहिलं. एक वर्ष राहिलं. मग बारा राहिली."

मूल्यांकनाच्या फायली सरांना मॅडमनीच दिल्या होत्या. त्या पेन्सिलीचं टोक बघत बसल्या.

त्या क्षणी मला वाईट वाटायला हवं होतं, असं नंतर लोकांनी मला सांगितलं. मला वाईट वाटलं नाही. तीन वर्षं मी या माणसाच्या दारात पुस्तक घेऊन उभी राहिले होते. या शब्दाचं असं कसं झालं सर, इथे ही बाई काय म्हणते आहे सर. आणि ते मला वही दाखवायचे. मला वाटायचं माझे प्रश्न बावळट आहेत. रडून मी पहिल्या वर्षी ग्रीक सोडायला निघाले होते. त्यांना येत नव्हतं म्हणून मी स्वतःला मूर्ख समजत होते.

"तुम्ही 'आहे' का म्हणालात?" मी विचारलं. "'माहीत नाही' म्हणता आलं असतं."

"स्वरूपा, पुरे," मॅडम म्हणाल्या.

"नाही मॅडम, पुरे कसं? मी खोटारडी ठरत होते."

सर म्हणाले, "मला वाटलं, असणारच. असायला हवी होती ती."

मॅडमनी निकाल तिथेच दिला. माझे चार मार्क मला. बाकीच्यांचे आहेत तसे राहतील, कारण पाठ करणं हा गुन्हा असेल तर कॉलेजला कुलूप लावावं लागेल. या खोलीतलं या खोलीत राहील. आल्हाट सरांना निवृत्तीला दीड वर्ष उरलं आहे, ते त्यांनी शांतपणे काढावं. "आणि तू," त्या माझ्याकडे वळल्या, "जिंकलीस. आता तोंड जरा आवर."

त्र्याहत्तर आणि एकाहत्तर. खोलीवर आल्यावर रेबेकाने पासपोर्टचा फॉर्म घडी करून उशीखाली ठेवला. मग पहिल्यांदाच माझ्याशी बोलली.

"जा आता अथेन्सला. माझ्यासाठी काहीतरी आण. पण आणलंस तरी मला दाखवू नको."

"रेबेका."

"काय?"

"तू 'आहे' म्हणाली असतीस तर गेली असतीस."

"मला येतं मोजायला," ती म्हणाली. "तुझ्याइतकं ग्रीक नाही येत, पण तेवढं येतं. पप्पांना काय सांगायचं ते सुचव, तू हुशार आहेस." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, दुपारी चार वाजता.

ती पुढे खरंच पहिल्यापासून शिकली, पत्र्यावरची अक्षरं माझ्याकडून उतरवून घेऊन. आज ती औरंगाबादकडे एका मंडळीत उपदेश करते. मला मुलगी झाली तेव्हा बाजरीचं पीठ घेऊन आली होती. अथेन्सला मी गेले, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

इथवरची गोष्ट मी पुष्कळांना सांगितली आहे. नवऱ्याला, नोकरीतल्या मैत्रिणींना. सगळे त्रिशूळ मोजण्यापाशी खूश होतात. पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही.

जायच्या अर्जावर विभागप्रमुखांची सही लागत होती. जानेवारीत एका दुपारी मी सरांच्या खोलीत गेले. फॉर्म टेबलावर ठेवला आणि उभीच राहिले. 'बस' म्हणाले तरी बसले नाही.

सरांनी फॉर्म वाचला. शिफारशीसाठी सहा ओळींची जागा होती. त्यांनी पेन उघडलं, थोडं थांबून एकच वाक्य लिहिलं: 'ही विद्यार्थिनी ग्रीक वाचते.' खाली सही केली, शिक्का मारला, शिक्क्यावर फुंकर घातली. फॉर्म माझ्याकडे सरकवला.

मी तो घेतला. आभार मानले नाहीत.

"तुला जायला अजून चार महिने आहेत," सर म्हणाले.

"हो."

"आठवड्यातून एक दिवस येशील? तासभर. कधीही, तुझ्या सोयीने."

"कशाला?"

सुनावणीत मॅडमच्या टेबलावर राहिलेलं माझं पुस्तक त्यांच्यासमोर होतं, तोच उतारा उघडलेला. मॅडमच्या पेन्सिलीच्या तीन खुणा अजून तशाच होत्या. "मला शिकवशील का? पहिल्यापासून. दीड वर्ष आहे अजून, जूनमध्ये नवी मुलं येतील. त्यांना वही द्यावी असं वाटत नाही."

साठीच्या उंबरठ्यावरचा माणूस. माझ्यासमोर हे बोलणं त्यांना किती जड गेलं असेल, ते मला आज कळतं. तेव्हा मला फक्त ती तीन वर्षं दिसत होती.

"मी तीन वर्षं तुम्हाला विचारत होते, सर."

"हो."

"तेव्हा तुम्ही मला वही दाखवत होतात."

"हो."

"मग आता वहीलाच विचारा."

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, ओशाळलेही नाहीत. "बरोबर आहे तुझं," म्हणाले आणि पुस्तक जवळ ओढलं.

मी बाहेर व्हरांड्यात येऊन फॉर्म बॅगेत घालत होते. त्याला घडी पडू नये म्हणून दोन वह्यांच्या मधे ठेवत होते. दार उघडंच होतं. आतून सरांचा आवाज आला. ते वाचत होते, मोठ्याने, अक्षराला अक्षर लावत, बोट ठेवून वाचतात तसे. पहिला शब्द जमला. दुसरा जमला. तिसऱ्यात क्सी हे अक्षर येतं. क्सी आणि झेटा, दोघांच्या खाली सारखीच शेपटी असते, नवशिके सगळे तिथे अडतात, मीही अडले होते. सर झेटा म्हणाले. शब्द होईना. मागे गेले, पहिल्यापासून आले, पुन्हा झेटाच म्हणाले.

परत आत जायचीसुद्धा गरज नव्हती. तिथूनच, बॅग हातात धरून, एक अक्षर म्हटलं असतं तरी त्यांना ऐकू गेलं असतं.

मी बॅगेची चेन लावली आणि जिना उतरू लागले. शेवटच्या पायरीपर्यंत वरून झेटा ऐकू येत होतं.